लाज कुणाची?

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर एकच देखावा असतो. चुलीवर पाण्याचा हंडा तापलेला असतो, अंगणात पाट मांडलेला असतो आणि आई किंवा आजी पोराच्या अंगाला तेल-उटणे चोळीत असते. पोर थंडीने कुडकुडत सर्वांदेखत उघडेनागडे उभे असते. शेजारीण डोकावते, काका येऊन चेष्टा करतो, कोणी डोळे झाकीत नाही. तासाभराने तेच पोर नवे कपडे घालून फराळाच्या ताटाशी बसते. आणखी चार-पाच दिवाळ्या जातात आणि तेच पोर न्हाणीचे दार आतून लावून घेऊ लागते. दार लावायला त्याला कोणी शिकवलेले असते असे नाही, आणि कोणी शिकवलेले नसते असेही नाही. मधल्या कोणत्या तरी दिवशी लाज त्याच्या अंगावर चढलेली असते. कपडे रोज उतरतात. ही मात्र पुढे जन्मभर उतरत नाही.

ही लाज राहते कोठे? अंगात, कापडात, की पाहणाऱ्याच्या डोळ्यात? प्रश्न पंडितांचा आहे आणि मी पंडित नव्हे. मॅट्रिकच्या पुढची पायरी मी चढलो नाही. पोरांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्यवसाय. पण शिक्षकाचे एक असते. प्रश्न पोराने विचारला की तो टाळता येत नाही. हा प्रश्न मला एका पोरानेच विचारला, आणि तोही आमच्या गावापासून फार दूर, समुद्राच्या काठी.

आमचे गाव म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील नरसी. कयाधू नदीच्या काठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान, असे आम्ही मानतो आणि म्हणून गावाच्या नावापुढे नामदेवांचे नाव लावतो. नामदेवांचा जन्म १२७० सालचा. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबात आहेत; त्यामुळे पंजाबातील भाविकही आमच्या गावाची वाट विचारीत येतात. नामदेव जातीने शिंपी होते. दुसऱ्याचे अंग झाकण्याचे काम ज्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्या कुळातील हा संत. अशा गावात वस्त्राची थोरवी कोणी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. समुद्र मात्र आम्हाला परका. गाडीरस्त्याने तो पाचशे किलोमीटरांहून दूर आहे आणि आमच्याकडचे पुष्कळ लोक तो न पाहताच मरतात.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा शिक्षक एक क्रूझर गाडी ठरवून गोव्याला निघालो. एका गुरुजींचा नववीतला मुलगा बरोबर होता. सोलापूर-कोल्हापूर करीत आंबोलीचा घाट उतरलो आणि तीन दिवस बारदेश व पेडणे या दोन तालुक्यांचा किनारा पाहिला. कळंगुट, बागा, हणजूण, वागातोर, मग शापोरा नदीपलीकडे मोरजी, आश्वे, मांद्रे आणि शेवटी हरमल. सारा मिळून हा किनारा तीस किलोमीटरांच्या आतला. मंगेशीचे दर्शन आमच्या मंडळींनी अर्ध्या तासात उरकले. हणजूणला मात्र चार तास पुरले नाहीत. कारण उघड होते. या किनाऱ्यावर परदेशी माणसे कपड्यांवाचून वावरतात, ही बातमी आमच्या गावापर्यंत केव्हाच पोहोचलेली होती. ती निदान चाळीस-पन्नास वर्षांची जुनी आहे, हे कोणाच्या ध्यानात नव्हते.

बातमी खोटी नव्हती. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगिजांची सत्ता गोव्यातून गेली, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात हिप्पी म्हणून ओळखली जाणारी तरुण मंडळी युरोप-अमेरिकेतून येऊ लागली. हणजूणच्या वाळूवर ती राहिली, गायली, नशेत पडली आणि पुष्कळदा कपड्यांवाचून समुद्रात उतरली. परंतु कायद्याने नग्नतेस मुभा असलेला किनारा गोव्यात तेव्हा नव्हता आणि आजही नाही. मिलिंद सोमण या मराठी नटाने २०२० च्या नोव्हेंबरात आपल्या पंचावन्नाव्या वाढदिवशी गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावल्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले, तेव्हा पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा नोंदवला.

आमच्या मंडळींना कळंगुटपासून मांद्र्यापर्यंत काहीच 'सापडले' नाही. हरमलला खडकांच्या कडेने एक वाट गोड्या पाण्याच्या तळ्याकडे जाते. त्या वाटेवरच्या एका आडोशाला दोघे-तिघे परदेशी स्त्रीपुरुष उन्हात पडलेले होते. अंगावर कापड नव्हते. एक बाई पुस्तक वाचीत होती. त्यांच्यापासून पन्नास पावलांवर आपल्याकडची वीस-पंचवीस शहाणीसुरती माणसे उभी होती. पुष्कळांच्या हातांत मोबाइल होते आणि आपण समुद्राचे फोटो घेत आहोत असा बहाणा चालला होता. बाईने मान वर करून पाहिले, पुस्तक मिटले आणि पंचा अंगावर ओढून घेतला. त्या वेळी नववीतल्या त्या मुलाने मला हळूच विचारले, "गुरुजी, यांना लाज वाटत नाही का?"

'यांना' म्हणजे कोणाला, हे मला क्षणभर कळेना. कारण तो पाहत होता वाळूकडे आणि मी पाहत होतो गर्दीकडे.

परतताना होडीच्या सावलीत जाळे सांधत बसलेला एक म्हातारा रापणकार भेटला. आम्ही कोठून आलो ते त्याने विचारले आणि मग आपल्या पेडण्याच्या बोलीत जे सांगितले त्याचा मतलब असा : त्या लोकांना कपडे घाला म्हणून सांगून आम्ही थकलो आणि तुम्हा लोकांना पाहू नका म्हणून सांगून थकलो. मधल्या मध्ये आमच्या सुनांनी या वाटेने यायचे सोडले. मी विचारले, उघड्या माणसांमुळे? म्हातारा म्हणाला, नव्हे. त्यांना बघायला येतात त्यांच्यामुळे.

गाडीत बसल्यावर आमच्यातल्या एका गुरुजींनी निकाल देऊन टाकला की हे सारे पाश्चात्त्यांचे थेर, आपल्या संस्कृतीत हे नाही. हा निकाल आपण सगळेच इतक्या सहजपणे देतो, की तो एकदा तपासून पाहिला पाहिजे.

पश्चिमेकडे ही चळवळ आहे हे खरे. जर्मनीत विसाव्या शतकाच्या आरंभापासून 'मुक्त शरीर संस्कृती' या अर्थाच्या नावाने ती वाढली. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५४ साली बाल्टिक किनाऱ्यावर तिला बंदी केली, तर लोकांनीच ती जुमानली नाही आणि दोन वर्षांत ती सैल करावी लागली. फ्रान्समध्ये माँतालिव्हे येथे १९५० साली अशा लोकांची वसाहत उभी राहिली. इंग्लंडात ब्रायटनच्या नगरपालिकेने १९८० साली किनाऱ्याचा एक तुकडा यासाठी नेमून दिला. परंतु या चळवळीचा इतिहास लिहिणारे तिचा मागोवा घेत मागे जातात तेव्हा ते पोहोचतात कोठे? आपल्या ठाण्याला! १८९१ साली चार्ल्स क्रॉफर्ड नावाच्या ठाण्याच्या इंग्रज जिल्हा न्यायाधीशाने नग्नतेचा पुरस्कार करणारा एक संघ काढला. सभासद अवघे तीन. थोड्याच काळात संघ मोडला. पण त्याने एडवर्ड कार्पेंटर या इंग्रज लेखकाला लिहिलेल्या पत्रांमुळे त्याची नोंद राहिली. दिवसा न्यायासनावर बसून कायदा सांगणाऱ्या गृहस्थाने ठाणे-माथेरानच्या हवेत हा विचार केला, याची मला मोठी गंमत वाटते.

मराठी वाचकालाही हा विषय नवा नाही. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. संततिनियमनासाठी प्राध्यापकाच्या नोकरीवर पाणी सोडणारा हा माणूस नग्नतेबद्दलही निर्भीडपणे लिहीत असे, आणि त्याच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. पुष्कळ घरांत हे मासिक चोरून वाचले जाई म्हणतात. कर्वे उघडपणे लिहीत आणि लोक लपून वाचीत, यातच आपल्या लाजेचा अर्धा इतिहास आला.

आणि कर्वेही बाजूला ठेवू. आमच्या हिंगोली जिल्ह्यात शिरड शहापूरला मल्लिनाथांचे दिगंबर जैन क्षेत्र आहे. विहार करीत जाणारे दिगंबर मुनी आमच्याकडच्या सडकेवर दिसतात. हातात मोरपिसांची पिंछी, कमंडलू, आणि अंगावर दिशा. एस. टी. थांबते, बायका खाली उतरून नमस्कार करतात, लेकरांना पुढे करतात. दिगंबर परंपरेचे थोर आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ साली मराठवाड्यातच, कुंथलगिरीला, सल्लेखना घेऊन देह ठेवला. त्यांच्या दर्शनाला लोटलेल्या माणसांपैकी कोणाला ते 'उघडे' दिसले असतील असे मला वाटत नाही. २०१५ च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर नागा साधू उतरले तेव्हाही तेच. तेव्हा 'आपल्या संस्कृतीत हे नाही' हे म्हणणे टिकत नाही.

यावर कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही कोणाची तुलना कोणाशी करता? मुनींनी देहाची आसक्ती सोडली म्हणून वस्त्र सोडले. वाळूवरची ती बाई तर देहाचे लाड करण्यासाठीच पडली होती. आक्षेप रास्त आहे. वैराग्य आणि विश्रांती एका तागडीत घालता येत नाहीत. परंतु आक्षेप घेणाऱ्याने एक गोष्ट आपल्या हातानेच कबूल केली : नागवेपणाचा अर्थ नागवेपणात नसतो, तो कोणत्या मनाने आले त्यात असतो. एकदा हे मान्य केले, की केवळ उघडे अंग पाहून कोणाला निर्लज्ज म्हणण्याचा आपला अधिकार संपला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बोरिस बेकर या टेनिसपटूच्या व त्याच्या वाग्दत्त वधूच्या विवस्त्र छायाचित्राबाबत हेच ठरवले, की चित्र नग्न आहे एवढ्यानेच ते अश्लील होत नाही. प्रसंग आणि हेतू पाहिला पाहिजे.

मग पाहायचे काय? माझ्या साध्या बुद्धीला असे वाटते, की पहिला प्रश्न विचारावा : वस्त्र कोणाच्या हाताने उतरले? मुनींच्या अंगावरचे वस्त्र त्यांनी स्वतः उतरवले. द्रौपदीच्या वस्त्राला हात घातला तो दुःशासनाने. आणि आपण महाभारत ऐकतो तेव्हा लाज कोणाची गेली म्हणतो? द्रौपदीची नव्हे, सभेत माना खाली घालून बसलेल्या भीष्म-द्रोणांची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कीर्तनकारांनी नसेल शिकवले एवढे नीतिशास्त्र या एका प्रसंगात आहे.

याचीच दुसरी बाजू त्रावणकोर संस्थानात घडली. तेथील नाडार स्त्रियांना वरच्या जातींच्या बायकांप्रमाणे छाती झाकण्याची मुभा नव्हती. त्यांनी पदर घेतला म्हणून दंगे झाले, त्यांची वस्त्रे फाडली गेली. कित्येक दशकांच्या झगड्यानंतर १८५९ साली राजाला जाहीरनामा काढून त्यांना वस्त्राची परवानगी द्यावी लागली. तेथे झाकणे हे बंड होते. मणिपुरात २००४ च्या जुलैत बारा प्रौढ स्त्रिया इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर विवस्त्र उभ्या राहिल्या, एका तरुणीवरील अत्याचाराचा आणि तिच्या हत्येचा जाब विचारण्यासाठी. तेथे उघडे होणे हे बंड होते. वस्त्र तेच, अंग तेच. नीती मात्र कापडाच्या असण्या-नसण्यावरून ठरली नाही. ज्याचे अंग त्याचा हात त्या वस्त्रावर होता की नाही, यावरून ती ठरली.

या विचारात एक तिसरी नग्नताही येते आणि आम्हा मराठवाड्याच्या माणसांना ती विसरता येत नाही. दारिद्र्याची. एकच लुगडे असलेली बाई अर्धे नेसून अर्धे धुते आणि ते वाळेपर्यंत पाण्यातच बसते, ही गोष्ट आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेली मी ऐकली आहे. १९२१ च्या सप्टेंबरात मदुरेला गांधीजींनी अंगरखा-टोपी टाकून पंचा नेसला तो अशाच माणसांना पाहून. तेव्हा कपडे उतरवण्याचे स्वातंत्र्य ज्यांच्या पेटीत कपडे आहेत त्यांनाच असते, हेही सांगितले पाहिजे. गोव्याच्या वाळूवर पडलेल्या त्या बाईची पेटी कोठे तरी खोलीवर होती. ती तिचा दोष नव्हे. पण तिच्या नग्नतेला 'निसर्गाकडे परतणे' वगैरे मोठी नावे देण्याआधी ही पेटी ध्यानात ठेवावी.

आता दुसरा प्रश्न, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो : पाहणाऱ्याचे काय?

आमच्या परिसरातल्या एका गावची मुलगी माझ्या वर्गात होती. घराला पक्की न्हाणी नव्हती. परसात तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड आणि वर आभाळ. शेजारच्या माळवदावरून एका मुलाने मोबाइलवर तिचा फोटो काढला. दोन दिवसांत तो गावातल्या कितीतरी हातांत फिरला. गाव काय म्हणाले? पोरीने उजेडी न्हायचे कशाला? मी तिच्या वडिलांना दोनदा जाऊन भेटलो आणि फिर्याद द्या म्हणून सांगितले. ते खाली पाहत म्हणाले, "गुरुजी, फिर्याद दिली तर ज्यांनी फोटो पाहिला नाही तेही पाहतील." मुलीची दहावीची परीक्षा राहिली आणि वर्षाच्या आत तिचे लग्न लावून दिले गेले. मुलगा परीक्षेला बसला, पास झाला आणि पुढे शिकायला गेला.

त्या न्हाणीत कोण उघडे होते? ती मुलगी तर आपल्या घरात, आपल्या कुडाआड होती. जगातील कोणत्याही शास्त्राप्रमाणे ती झाकलेलीच होती. उघडा पडला तो माळवदावरचा. पण लाज वाटून घेण्याचे काम गावाने मुलीकडे सोपवले.

कायद्याला हे उमगायला फार वेळ लागला. १८६० सालच्या दंड संहितेत इतरांना उपद्रव होईल असे सार्वजनिक ठिकाणचे अश्लील कृत्य हा गुन्हा होता. म्हणजे दाखवणाऱ्याला शिक्षा होती. स्त्रीला बळाने विवस्त्र करणे आणि तिला एकांतात चोरून पाहणे किंवा तिचे चित्र घेणे, हे वेगळे गुन्हे म्हणून २०१३ साली लिहिले गेले. मध्ये दीडशेहून अधिक वर्षे गेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे तिन्ही गुन्हे आहेत. उघडा होणारा, उघडे करणारा आणि चोरून पाहणारा, असे हे तीन. आपला समाज अजून पहिल्यावरच सारा राग काढतो, दुसऱ्याची भीती बाळगतो आणि तिसऱ्याला 'पोरवय' म्हणून सोडून देतो.

माझा एक जुना विद्यार्थी जर्मनीत म्युनिकला नोकरी करतो. तेथील मोठ्या बागेत एका ठरावीक हिरवळीवर लोक कपड्यांवाचून ऊन खातात. तो सांगत होता, की पहिल्या दिवशी त्याला कोठे पाहावे ते कळेना, आणि दुसऱ्या दिवशी ध्यानात आले की कोणी पाहतच नाही. अशा जागांचे नियम कडक असतात. टक लावायची नाही, फोटो काढायचा नाही, चाळे केले तर बाहेर. त्याचे बोलणे ऐकताना मला पंढरपूर आठवले. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो माणसे अंघोळ करतात. एक बाई लुगडे धरून आडोसा करते, दुसरी नेसते. आडोसा कधी पुरतो, कधी पुरत नाही. पण शेजारून जाणारा वारकरी आपोआप तोंड फिरवतो. आमच्या नरसीला परतवारीच्या एकादशीला कयाधूच्या काठीही हेच दिसते. तेथे पाटी नसते, पहारा नसतो. पाहणाऱ्याची पापणी हेच तेथले वस्त्र. म्युनिकच्या हिरवळीवर जी शिस्त आहे ती आमच्या आजोबांना ठाऊक होती. ती नातवांकडून हरवली कशी, हा आमच्या चिंतेचा विषय असायला हवा.

येथे एखाद्या वाचकाला वाटेल, की लेखक सगळे किनारे मोकळे करून टाकायला निघाला आहे. तसे नाही. तो म्हातारा रापणकार मला विसरता येत नाही. हरमलचा किनारा पाहुण्यांच्या सुट्टीचा असेल. त्याचे ते अंगण होते. त्याच्या अंगणात कोणी कसे वावरावे, याबद्दल त्याला विचारले कोणी? ज्याला उघडे व्हायचे आहे त्याची मर्जी जशी खरी, तशीच ज्याला ते पाहावे लागते त्याचीही खरी. ब्रायटनला नगरपालिकेत वाद झाला, मते पडली, मग किनाऱ्याचा एक तुकडा नेमून दिला गेला. ज्याला जायचे नाही त्याच्या वाटेत तो येत नाही. उद्या कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या गावाने आपल्या ग्रामसभेत बसून, बायकांना विचारून, असा तुकडा राखला आणि कायद्याने त्याला मान्यता दिली, तर मी तेथे जाणार नाही, पण त्याला अनीतीही म्हणणार नाही. गावाला न विचारता कोणी त्याच्या अंगणात विवस्त्र पडले, तर ते मात्र मला स्वातंत्र्य वाटत नाही. ती पाहुण्याची दांडगाई आहे.

बाराव्या शतकातील कर्नाटकाच्या संत अक्कमहादेवी यांची कथा या बाबतीत मला फार मोलाची वाटते. राजवैभव आणि वस्त्र दोन्ही टाकून त्या कल्याणला शरणांच्या मेळ्यात आल्या. आमच्या मराठवाड्याला लागूनच हे गाव. अल्लमप्रभूंनी त्यांना विचारले, की वस्त्राचा मोह सुटला, तर मग हे लांब केस अंगावर का घेतलेस? कथा सांगते, की अक्कांनी उत्तर दिले ते अशा अर्थाचे : हे माझ्यासाठी नाही, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. ज्या बाईला स्वतःची लाज उरली नव्हती तिने समोरच्याची काळजी ठेवली. लाज आणि काळजी यांतला फरक यापेक्षा सोपा करून मला सांगता येणार नाही. मला तर असे वाटते, की आपण ज्याला मर्यादा म्हणतो तिच्यात लाज थोडी आणि काळजी पुष्कळ असायला हवी.

त्या मुलाला मी आंबोलीचा घाट चढताना एवढेच सांगितले, की त्यांना लाज वाटते की नाही हे त्यांचे त्यांना ठाऊक. तू पाहत होतास तेव्हा तुला काय वाटले ते तू स्वतःला विचार. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. आज तो मोठा झाला आहे आणि त्याने स्वतःला काय उत्तर दिले ते मी विचारलेले नाही. पण वर्गात मी तेव्हापासून एक गोष्ट करतो. मुलींनी कसे वागावे हे त्यांना घरी, दारी, देवळात सगळेच सांगतात. म्हणून कसे पाहावे हे मी मुलांना सांगतो. पाठ्यपुस्तकात तो धडा नाही. पण मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आलेला असताना तो शिकवायला यापेक्षा निकडीची वेळ येणार नाही.

जून महिन्यात आमच्या शाळेत गणवेशाची मापे घ्यायला शिंपी येतो. मुले ओळीने उभी राहतात आणि तो गळ्यात टेप घालून एकेकाचे माप घेतो. कोणाचा सदरा पाठीवर विरलेला असतो, कोणाच्या आत बनियन नसते, कोणाच्या बरगड्या मोजता येतात, कोणी पोर लाजून अंग चोरते. हे सारे त्याला दिसत असते. एवढ्या जवळून ते आम्हा गुरुजींनाही दिसत नाही. पण त्याच्या तोंडातून आकड्यांवाचून शब्द निघत नाही, आणि त्याची नजर टेपवरून ढळत नाही. अंग चोरणाऱ्या पोराजवळ तो थोडा अधिक थांबतो, कापड थोडे सैल धरतो आणि वहीत लिहून घेतो. नामदेवांच्या गावचा माणूस आहे तो. पाहायचे ते झाकण्यासाठी, हे त्याला कोणी शिकवावे लागलेले नाही.